मले वयखलं का?

वऱ्हाडात कुणी दवाखान्यात भरती झालं की त्याला पाहायला जाणं हे लग्नाच्या आहेरासारखंच चुकवता न येणारं काम. पेशंट सोनाळ्याचा आणि दवाखाना अकोल्याचा असला तर दोन-तीन घरं मिळून गाडी सांगतात, पिशवीत संत्री नाहीतर बिस्किटाचे पुडे घेतात आणि भेटीच्या वेळेला पलंगाभोवती गोळा होतात. पेशंट नुकताच कोमातून बाहेर आलेला असतो, डोळे उघडून छताकडे बघत असतो. एकेक जण वाकून तोच प्रश्न विचारतो, "मले वयखलं का?" त्यानं नाव सांगितलं की बाहेर व्हरांड्यात फोन लागतात. नाही सांगितलं की बायको पदर तोंडाशी नेते. आणि मेहुण्याकडे बघून मागेच वारलेल्या काकाचं नाव घेतलं, तर सगळे गप्प होतात.

ही पुस्तिका त्या गप्प झालेल्या माणसांसाठी आहे. डोक्याला मार लागून, विषबाधेनं, तापानं किंवा हृदय थांबून मेंदूचा प्राणवायू तुटल्यानं कोमात गेलेला माणूस परत येतो तेव्हा त्याच्या आठवणींचं काय होतं, त्या कोणत्या क्रमानं परततात, कोणत्या कधीच येत नाहीत आणि तोवर घरच्यांनी काय करायचं, एवढाच तिचा विषय. प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा कोमाच्या व्याख्येपासून सुरुवात करावी असं आधी वाटलं होतं. पण घरच्यांची पहिली ठेच व्याख्येला लागत नाही, ती या प्रश्नाला लागते.

सोनाळा संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावामागे अंबाबरवा अभयारण्याचं रान, एका अंगाला वान नदीचा परिसर, समोर कपाशी आणि संत्र्यांच्या बागा. समजा, संध्याकाळी टुनकीच्या रस्त्यानं येणाऱ्या मोटारसायकलसमोर रोही आडवी आली. डोक्यावर हेल्मेट नाही, कारण शेतातून येताना हेल्मेट कोण घालतं! एकशे आठला फोन जातो. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे आणि तिनं पुष्कळ जीव वाचवले आहेत. पण वरवट बकाल, शेगाव, अकोला असा एकेक टप्पा गाठत जाणारी ती रात्र लांबच असते. अकोल्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये झालं, त्याआधी अशा कुटुंबाला आणखी दूरचा विचार करावा लागे. देशभरात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. जी गेली त्यांची मोजदाद झाली. जी वाचली, घरी आली, पण पहिल्यासारखी आली नाहीत, त्यांची अशी ठळक बेरीज वर्तमानपत्रात येत नाही.

दवाखान्यात फाईलवर एक आकडा लिहिलेला असतो. नातेवाइकांना तो परीक्षेच्या गुणांसारखा वाटतो, आणि तो तसाच आहे. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये ही पट्टी केली. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, एकूण १५. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे कोमा. सर्वांत कमी गुण तीन. शून्य या पट्टीत नाहीच, मेलेल्या माणसालाही तीन मिळतात. घशात नळी असली तर बोलण्याचे गुण देताच येत नाहीत, म्हणून दोन पेशंटांच्या आकड्यांची तुलना करत व्हरांड्यात बसू नये. "त्यायच्या पोराले नऊ हाये, आपल्याले सातच" हे दुःख अनाठायी आहे.

आपल्या भाषेनं मात्र या प्रवासाचे टप्पे फार पूर्वी वेगळे करून ठेवले आहेत. शुद्ध, भान आणि आठवण या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि माणूस त्याच क्रमानं परततो. डॉक्टर म्हणतात, "शुद्धीवर आले." घरचे ऐकतात, "बरे झाले." या दोन वाक्यांमधलं अंतर कधी आठवड्याचं असतं, कधी वर्षाचं.

शुद्ध म्हणजे जागेपण. मेंदूच्या बुंध्यात जाळ्यासारखी एक रचना आहे, ती वरच्या मेंदूला जागं ठेवते. मोरुझ्झी आणि मॅगून यांनी १९४९ मध्ये ती दाखवली. तिच्यावर घाव बसला किंवा दोन्ही बाजूंचा वरचा मेंदू एकदम गार पडला की कोमा. खरा कोमा सहसा दोन-चार आठवड्यांपलीकडे टिकत नाही. त्यानंतर माणूस एकतर जातो, एकतर डोळे उघडतो. डोळे उघडले, झोपेचा आणि जागेपणाचा फेरा सुरू झाला, तरी आत कुणी आहे याची खूण मिळत नसली तर त्या अवस्थेला दुसरं नाव आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत जगल्या. 'बेचाळीस वर्षं कोमात' असं छापून आलं, पण त्यांचे डोळे उघडत होते, त्या झोपत-उठत होत्या. सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या निकालात या अवस्थांचा फरक सविस्तर उलगडला आहे. केईएमच्या परिचारिकांनी इतकी वर्षं त्यांना सांभाळलं ती गोष्ट मोठीच. पण 'कोमा' हा एकच शब्द सगळीकडे वापरल्यानं अकोल्याच्या व्हरांड्यात बसलेल्या बाईला आपल्या नवऱ्याचे बारा दिवस म्हणजे बेचाळीस वर्षांची सुरुवात वाटते. तिच्या मनातला तो शब्द सोडवणं हे या पुस्तिकेचं पहिलं काम.

इथे आमच्या भागापुरतं एक वेगळं सांगायला हवं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावतो, दुखत नाही, सूज नाही, पहाटे पापण्या जड होतात आणि हळूहळू सगळं शरीर लुळं पडतं. पेशंट व्हेंटिलेटरवर जातो. डोळे उघडत नाहीत, चिमटा काढला तर हात हलत नाही, बाहुल्यासुद्धा कधी प्रकाशाला दाद देत नाहीत. बघणारा म्हणतो, संपलं. पण ते विष नसांचा आणि स्नायूंचा संबंध तोडतं, मेंदूला झोपवत नाही. आतला माणूस जागा असू शकतो, ऐकत असू शकतो. वेळेवर श्वास सांभाळला तर असे पेशंट पूर्ण बरे होतात. तेव्हा त्या पलंगाशी उभं राहून वाटणीच्या गोष्टी काढू नयेत.

शुद्ध आली की पुढचा टप्पा भानाचा, आणि घरच्यांची खरी कसोटी इथेच लागते. पेशंट जागा आहे, बोलतो आहे, पण दिवस, जागा, माणसं यांचा मेळ नाही. सकाळी येऊन गेलेला भाऊ दुपारी आठवत नाही. नळ्या ओढतो, उठून पळू पाहतो. जन्मात कुणाला अरे न म्हटलेले गुरुजी नर्सला शिव्या देतात. कुणी शांतपणे सांगतो, "आताच वावरातून आलो, कपाशीले पानी देऊन." हे खोटं बोलणं नाही. मेंदूत जिथे आठवण सापडत नाही तिथे तो दुसरी जोडून भोक बुजवतो, आणि बोलणाऱ्याला ती खरीच वाटते. गावात याच टप्प्याला 'डोक्यावर परिणाम झाला' किंवा 'बाहेरचं लागलं' असं म्हणतात. उतारा होतो, अंगारा लागतो. अंगाऱ्यानं बिघडत काही नाही. बिघडतं ते त्याच्यापायी औषधाची गोळी चुकवली तर.

रिची रसेल या ब्रिटिश डॉक्टरनं १९३२ पासून या गोंधळाच्या काळाकडे बारकाईनं पाहिलं. त्याचं निरीक्षण असं की मार किती मोठा होता हे सांगायला बेशुद्धीपेक्षा हा काळ अधिक उपयोगी पडतो. अपघातापासून सलग आठवणी पुन्हा साठू लागेपर्यंतचे दिवस मोजायचे. एक दिवसाच्या आत असेल तर फार काळजी नाही, सात दिवसांपलीकडे गेला तर दुखापत अति गंभीर. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या गॅल्व्हस्टनच्या डॉक्टरांनी त्यासाठी प्रश्नावली केली. नाव काय, गाव कोणतं, आता कुठे आहात, तारीख काय, अपघाताआधीचं शेवटचं काय आठवतं, नंतरचं पहिलं काय आठवतं. शंभरांपैकी पंच्याहत्तरच्या वर गुण टिकून मिळू लागले की भान आलं.

म्हणजे प्रश्न विचारायचेच असतात, पण ते एकानं, ठरल्या वेळी, मोजण्यासाठी. वीस माणसांनी वीसदा विचारून काही मोजलं जात नाही. उलट नुकसान होतं, आणि ते कसं होतं हे मला या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. बॅडली आणि बार्बरा विल्सन या इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवलं की स्मृती गमावलेल्या माणसाला अंदाज बांधायला लावू नये. धडधाकट माणूस चुकला की आपण चुकलो हे लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी सुधारतो. ज्याची स्मृती गेली आहे तो आपण चुकलो हे विसरतो, पण तोंडून गेलेलं चुकीचं उत्तर मात्र मुरतं. मेहुण्याला एकदा काकाचं नाव दिलं की पुढच्या वेळी तेच नाव आधी जिभेवर येतं. म्हणून उत्तर आधी द्यायचं, मग त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं, पाच मिनिटांनी पुन्हा, मग पंधरा, मग तासानं. शाळेत छडीनं पाठांतर करवून घेतलेल्या आपल्या पिढीला हे उलटं वाटतं. "सांगू नका, त्यालेच आठवू द्या" असं व्हरांड्यातला अनुभवी माणूस हमखास म्हणतो. त्याचं ऐकू नका.

आता आठवण. अपघातापूर्वीचा काही काळ पुसला जातो, कधी मिनिटं, कधी वर्षं, आणि मग तो पट्टा हळूहळू आखडत येतो. रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानं १८८१ मध्येच नोंदवलं की जुन्या आठवणी जास्त चिवट असतात आणि आधी परततात. आमच्याकडे हे समजावायला वान नदीचा पूर पुरेसा आहे. पाणी ओसरू लागलं की उंचावरचं गावठाण आधी उघडं पडतं, मग वरची वावरं, शेवटी काठावरचं शेत. म्हणून पेशंटला प्राथमिक शाळेतले गुरुजी आठवतात, पण दोन वर्षांची मुलगी आठवत नाही. घरच्यांच्या काळजाला घरं पडावीत असं हे असतं, पण त्यात प्रेम कमी-जास्त असण्याचा संबंध नाही, जमिनीच्या उंचीचा आहे. आणि काठाची एक पट्टी पुरानं खरडूनच नेलेली असते. अपघाताचा क्षण, त्याआधीचा थोडा वेळ आणि नंतरचे कोमाचे दिवस त्या पट्टीत जातात. ते आत कुठे दडून बसलेले नसतात, साठवलेच गेलेले नसतात. जे पेरलं नाही ते उगवेल कसं? पोलीस जबाबाला येतात तेव्हा हे घरच्यांनी ठामपणे सांगावं. "धडक कोणी दिली ते आठव ना" म्हणून पेशंटला पिळलं तर तो सांगेलही काहीतरी, आणि ते खरं असेलच असं नाही.

प्राणवायू तुटून आलेला कोमा जरा वेगळा. मेंदूत कानाच्या आतल्या अंगाला समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग आहे, हिप्पोकॅम्पस. नव्या आठवणी टिकाऊ करण्याचं काम त्याचं, आणि प्राणवायूच्या टंचाईला तो फार नाजूक. बुडून वाचलेला, गळफासातून सोडवलेला, हृदय थांबून परत सुरू झालेला माणूस चालतो, बोलतो, पण नवं काही मुरत नाही. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाच्या मेंदूतला हा भाग फेफऱ्यावर उपाय म्हणून शस्त्रक्रियेत काढला गेला. पुढे २००८ पर्यंत तो जगला, पण ब्रेंडा मिल्नर या शास्त्रज्ञ बाईंना तो दर भेटीत नव्यानं भेटत असे. त्याच बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. रोज त्याचा हात सुधारत गेला आणि रोज तो म्हणाला की हे मी कधी केलेलं नाही. हाताची आठवण वेगळ्या कप्प्यात असते. म्हणून तंबाखू मळणं, गाईची धार काढणं, कपाशी वेचणं ही कामं पेशंटच्या हाती लवकर द्यावीत. बायकोचं नाव न आठवणारा माणूस दोरीला बिनचूक गाठ मारतो, आणि ती गाठ पाहून त्याला स्वतःलाच धीर येतो.

हिंदी सिनेमानं मात्र आपल्याला एकच उपचार शिकवला, डोक्यावर दुसरा घाव. मी त्याची थट्टा करणार होतो, पण मुरलीकांत पेटकर आडवे आले. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे हे जवान लष्कराच्या ईएमई दलात होते, मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या, अंगावरून गाडी गेली, कंबरेखालचं शरीर निकामी झालं. ते दीर्घकाळ बेशुद्ध होते आणि शुद्धीवर आले तेव्हा स्मृती गेलेली होती. पलंगावरून पडलो आणि सगळं आठवलं, अशी हकिकत ते सांगत आले आहेत. पुढे मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात त्यांना पोहण्याचा सल्ला मिळाला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक दिलं. पद्मश्री २०१८ मध्ये मिळाली, त्यांच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट २०२४ मध्ये आला.

त्यांच्या सांगण्यावर शंका घेणारा मी कोण? पण वैद्यकशास्त्र कुठल्याही पेशंटला पलंगावरून ढकलायला सांगत नाही, दुसरा मार पहिल्यापेक्षा घातक ठरू शकतो. मला वाटतं ते असं. आठवणी बेटांसारख्या सुट्या-सुट्या वर येतात आणि एके दिवशी त्यांच्यातलं पाणी इतकं उतरतं की पायी जाता येतं. तो दिवस लक्षात राहतो, त्या दिवशी घडलेली गोष्ट लक्षात राहते. मधले ओसरणीचे महिने लक्षात राहत नाहीत, कारण लक्षात ठेवणारा मेंदूच तेव्हा दुरुस्तीला होता. ज्याच्या आयुष्यातले इतके महिने असे गेले, त्यानं परतीचा एक क्षण धरून ठेवला तर ते साहजिकच आहे.

'आशिकी' चित्रपटामुळे १९९० मध्ये घराघरांत पोचलेल्या अभिनेत्री अनू अगरवाल १९९९ मध्ये मुंबईतल्या अपघातानंतर २९ दिवस कोमात होत्या. स्मृती गेली, भाषा, चालणं, सगळं नव्यानं शिकावं लागलं. २०१५ मध्ये त्यांनी आत्मकथन लिहिलं. अपघात आणि पुस्तक यांत सोळा वर्षं आहेत. घरच्यांनी हे अंतर ध्यानात ठेवावं. पहिल्या सहा महिन्यांत, वर्षभरात सुधारणा वेगानं होते, मग वेग मंदावतो, पण थांबत नाही. अमेरिकेत आर्कान्सामधले टेरी वॉलिस १९८४ च्या अपघातानंतर थेट २००३ मध्ये बोलले आणि त्यांच्या लेखी तेव्हाही १९८४च सुरू होतं. असे दाखले अपवादाचे आहेत, आशेच्या भरात त्यांच्यावर शेत विकू नये.

व्यवहाराचा भाग थोडक्यात, कारण पुढे त्याचं स्वतंत्र प्रकरण आहे. कोमातल्या माणसाचं एकट्याच्या नावावरचं बँक खातं बायकोलाही चालवता येत नाही, शेतजमिनीचा व्यवहार करता येत नाही. अंगठा उचलून कागदावर टेकवण्याचा सल्ला देणारे भेटतात, तो गुन्हा आहे. कोमातल्या प्रौढासाठी पालक नेमण्याची सरळ तरतूद आपल्या कायद्यात नाही, म्हणून उच्च न्यायालयं स्वतःच्या अधिकारात तशी नेमणूक करतात. केरळ उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये त्यासाठी सूचना घालून दिल्या, मुंबई उच्च न्यायालयानंही पत्नीला किंवा मुलाला असं पालकत्व दिलेलं आहे. फेफऱ्याच्या गोळ्या घरी आल्यावर आपल्या मनानं बंद करू नयेत. दारू पूर्ण बंद. मोटारसायकल डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही, मग पोरगा कितीही रुसो.

राहिली घरच्यांनी पेशंटसाठी लिहायची वही. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनमध्ये अतिदक्षता विभागातल्या परिचारिका पेशंटसाठी रोजनिशी लिहू लागल्या, कारण बरी होऊन गेलेली माणसं मधले हरवलेले आठवडे शोधत परत यायची. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. इथून सातपुड्याच्या कडेकडेनं पूर्वेला अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपुरात म्हाइंभटानं तेराव्या शतकात हेच केलं. चक्रधर स्वामी निघून गेल्यावर ज्यानं-ज्यानं त्यांना पाहिलं होतं त्याच्या-त्याच्याकडे जाऊन एकेक प्रसंग विचारून घेतला आणि 'लीळाचरित्र' लिहिलं. पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत ती मूळ पोथीही गेली. ज्यांना ती पाठ होती त्यांनी ती पुन्हा उभी केली, त्यामुळे तिच्यात पाठभेद आले. पेशंटच्या आठवणीही पाठभेदांसह परततात. बहिणीच्या लग्नात आपण होतो की नव्हतो यावर तो हट्टानं भांडेल. भांडू द्यावं, आणि वहीत दोन्ही लिहावं.

शंभर पानी वही पुरते. रोज तारीख घालायची, कोण आलं, काय खाल्लं, कोणता हात हलला, कोणत्या नळ्या निघाल्या ते लिहायचं. गावाकडचंही लिहायचं, पाऊस पडला का, संत्र्याला भाव काय लागला, सोनाजी महाराजांच्या यात्रेला कोण आलं. पहिलं पान मात्र मोठ्या अक्षरांत आणि त्याच्याच बोलीत असावं, कारण प्रमाण मराठी ही त्याच्यासाठी दवाखान्याची भाषा आहे. 'तू अकोल्याच्या दवाखान्यात हायेस. गाडीवरून पडला होता, डोक्याले मार लागला होता. आता बरा होऊन रायला. गायीची धार तुहा भाऊ काढते.' भेटायला येणाऱ्यानं आधी हे पान वाचून दाखवायचं आणि मग म्हणायचं, "मी तुई मोठी बहीण हाव, सोनाळ्यावरून आली." दहा मिनिटांनी तो विचारेल, "मी कुठी हाव?" पुन्हा पहिलं पान उघडायचं.